कळकलेली काडतुसं

पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, हे आजीने मला लहानपणीच शिकवलं होतं. तरी साठी ओलांडल्यावर टेक्सासमध्ये मी नेमकी तीच चूक केली. चामड्याच्या कमरपट्ट्याला काडतुसं खोचायची घरं असतात. त्यांत पन्नास काडतुसं तशीच ठेवून पट्टा कपाटात टांगला. महिन्याने काढला तर पितळेवर हिरवट थर. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि ह्यूस्टनची दमट हवा, दोघांनी मिळून पितळ खाल्लं होतं. शेजारी उभ्या असलेल्या निवृत्त नौसैनिकाने पट्टा हातात घेतला आणि विचारलं, “बोटीवर ओले बूट लॉकरमध्ये बंद करून ठेवायचास का?”

नव्हतो ठेवत. दाभोळ सोडल्यापासून तीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढली. खारी हवा काय करते ते मला सांगावं लागत नाही. पण जमिनीवर आलो आणि सवय सुटली.

हा पट्टा मी ज्या खेळासाठी बांधतो तो म्हणजे काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंग. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात तो सुरू झाला. ‘सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटी’ ही त्याची संघटना 1987 साली स्थापन झाली. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेची हत्यारं आणि तसाच पोशाख. दोन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हर ओढून चालवायची रायफल, एक दुनळी किंवा जुन्या घडणीची बंदूक. प्रत्येक सभासदाला टोपणनाव घ्यावं लागतं आणि ते दुसऱ्या कुणाचं असून चालत नाही. मी ‘दाभोळ किड’. निशाणं पोलादी आणि जवळची. एका फेरीत रिव्हॉल्व्हरच्या दहा गोळ्या, बहुधा रायफलच्या दहा आणि मग बंदुकीचे चार-सहा बार. घड्याळ लागलेलं असतं, एक नेम चुकला की पाच सेकंद वाढतात. गोळी शिशाचीच हवी. शिसं पोलादावर चेपतं. धातूचं कवच असलेली गोळी उलटी येण्याचा धोका असतो. आणि सहा घरांच्या सिलिंडरमध्ये पाचच गोळ्या भरायच्या. जुन्या घडणीत घोड्याची टोकदार सुई थेट काडतुसावर टेकते, धक्का बसला तर बार उडू शकतो. म्हणून घोडा रिकाम्या घरावर.

नवीन माणूस मला पहिल्यांदा विचारतो, बंदूक कुठली घेऊ? मी म्हणतो, काहीच घेऊ नका. दोन-तीन शनिवार नुसते या, आमची हत्यारं वापरून बघा. मग रिव्हॉल्व्हर आणि रायफल दोन्ही एकाच काडतुसाची घ्या, शक्यतो .38 स्पेशल. धक्का कमी, खर्च कमी, आणि घाईत चुकीचं काडतूस हातात येत नाही. पैसे वाचवायचे तर बंदुकीच्या नक्षीवर वाचवा, पट्ट्यावर नको. ढिला पट्टा प्रत्येक वेळी वेगळ्या जागी असतो आणि हात चाचपडतो.

यापुढचं शहाणपण मात्र माझं नव्हे, इंजिन रूमचं. भर पॅसिफिकमध्ये एखादा वॉशर नसला तर तो कुठून आणणार? आमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चाप आणि सिलिंडर अडवणारी खिट्टी या दोघांना रेटणारी एकच चपटी स्प्रिंग असते, आणि कधीतरी तीच तुटते. माझ्या डबीत तिच्या दोन जोड्या कायम असतात. बार उडाले की स्क्रू सैल होतात, म्हणून खाचेत गच्च बसणारा स्क्रूड्रायव्हरही असतो. सामान वाहायला प्रत्येकाचा चाकांचा गाडा असतो, बहुतेक घरीच ठोकलेला. माझ्या गाड्याच्या फळीला मी चहूबाजूंनी उंच कड ठोकली आणि वर रबराची चटई घातली. बोट डोलू लागली की ताटं घसरू नयेत म्हणून मेसमध्ये टेबलाला अशीच कड असते, वर ओलं कापड अंथरतात.

दुपारी सगळे सावलीत बसले की त्या नौसैनिकाच्या आणि माझ्या बोटीवरच्या गप्पा सुरू होतात. तो विमानवाहू जहाजावर होता, एकावर एक तीन माणसं झोपायची. अंग भिजवा, नळ बंद करा, साबण लावा, पुन्हा नळ, अशी त्याची अंघोळ. आमच्याकडे पाणी तसं मुबलक. इंजिन थंड करून तापलेल्या पाण्याच्या उष्णतेवर समुद्राचं पाणी गोडं करून मिळायचं. पण नांगर टाकला, इंजिन थांबलं की तेही थांबायचं, आणि मग चीफ बादल्या मोजायचा.

बंदुकीच्या काळ्या दारूने खेळणाऱ्यांचा धूर बघण्यासारखा असतो. मला तो फार आवडतो. पण नळीत मागे राहते ती ओलावा ओढणाऱ्या क्षारांची काजळी. ती तेलाने निघत नाही, चिकट होते. ती निघते गरम पाण्याने! बंदूक पाण्याने धुवायची म्हटलं की नवी माणसं दचकतात. आम्ही जहाजावर टर्बोचार्जर चालू असताना, वेग उतरवून, आत पाणी मारून धुवायचो, तेव्हा मला ते लगेच पटलं. पाणी, मग पूर्ण कोरडं करणं, मग तेल. या क्रमातली मधली पायरी गाळली की गंज आलाच.

गेल्या शनिवारी एक बाई पहिल्यांदाच आल्या, चष्मा आणि कानाचं आवरण एवढंच घेऊन. रायफल मी दिली, पट्टा आणि रिव्हॉल्व्हर नौसैनिकाने, दुनळी आणखी कुणीतरी. उरलेली काडतुसं पट्ट्यात तशीच ठेवून त्या पट्टा सरावासाठी घरी घेऊन गेल्या. मी सांगायला विसरलो होतो. घरी पोचल्यावर जेवायला बसण्याआधी त्यांना फोन केला : आज रात्रीच काढून प्लास्टिकच्या डबीत ठेवा.