इंजिनाविना उड्डाण, जमिनीवरचे श्रम

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. स्वतःच्या बळावर ते जमीन सोडू शकत नाही, आणि या एकाच उणिवेतून ग्लायडिंगच्या दिवसाची सारी रचना ठरते. जगभरातील बहुतेक ग्लायडिंग क्लब सभासदांच्या बिनमोबदला श्रमांवर चालतात, तर पुण्यातील हडपसरचे ग्लायडिंग केंद्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अखत्यारीत आहे. तथापि एकाच्या उड्डाणासाठी अनेकांनी जमिनीवर राबावे लागते ही अट दोन्हीकडे सारखीच, कारण ती यंत्राचीच अट आहे.

दिवस सुरू होतो तो तपासणीने. एक जण बैठकीतील दांडा हलवतो आणि दुसरा बाहेरून पंखाची हलती पट्टी हाताने रोखून धरतो, म्हणजे दांडा आणि पट्टी यांमधील जोडणी पक्की आहे की नुसतीच हालचाल दिसते आहे, हे दाबावरून कळते. त्यानंतर वाऱ्याची दिशा पाहून विंच मांडतात. विंच म्हणजे इंजिनाने वेगात फिरणारे मोठे रीळ. ते मैदानाच्या एका टोकाला, ग्लायडर दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये साधारण एक किलोमीटर लांबीचा दोर. या दोरात मुद्दाम एक कच्चा दुवा घातलेला असतो, जेणेकरून ताण मर्यादेपलीकडे गेल्यास विमानाऐवजी तो दुवा तुटावा.

ग्लायडरला बहुधा एकच मुख्य चाक असल्यामुळे उभे असताना त्याचा एक पंख जमिनीला टेकलेला असतो. आकडा अडकवल्यावर मदतनीस तो पंख उचलून समतल धरतो, मागचे व वरचे आकाश मोकळे असल्याची खात्री करतो. इशारा मिळताच विंचवाला आधी दोराची ढील ओढून घेतो आणि मगच वेग देतो. मदतनीस काही पावले पंखाबरोबर धावतो, तोवर पंखांना हवेचा आधार मिळालेला असतो. पुढच्या अर्ध्या-पाऊण मिनिटात ग्लायडर तीव्र चढाने तीनशे-चारशे मीटर उंची गाठते आणि वैमानिक दोर सोडतो. टोकाची छोटी हवाईछत्री उघडून दोर बेताने खाली येतो. ज्याचा पंख आज धरला, तो पुढच्या खेपेला दुसऱ्याचा धरतो. शेतकऱ्यांच्या सावडीचाच हा व्यवहार, आणि त्यात टाळाटाळ करणारा फार काळ खपत नाही.

स्थिर हवेत शिकाऊ ग्लायडर सेकंदाला सुमारे एक मीटर खाली येते, म्हणजे तीनशे मीटरांची उंची पाच मिनिटांत संपते. अधिक काळ टिकायचे तर ऊर्ध्वगामी उष्ण हवेचा स्तंभ, म्हणजेच थर्मल, शोधावा लागतो. हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूरच्या परिसरात हळद काढून झालेली काळी राने उन्हाळ्यात तापतात, त्यांवर वावटळी उठतात आणि घारी पंख न हलवता घिरट्या घेत वर जातात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. घार जिथे चढते तिथे आपणही चढू, हा वैमानिकाचा हिशेब म्हणूनच पुष्कळदा बरोबर ठरतो. चढ-उताराचा वेग व्हेरिओमीटर नावाचे उपकरण दाखवते. विमान तिरके घसरते आहे काय, हे मात्र समोरच्या काचेवर बाहेरून चिकटवलेला लोकरीचा दोरा सांगतो, आणि इतक्या स्वस्त साधनाला अद्याप तोड सापडलेली नाही.

भारतात या विद्येला स्वतःचे यंत्रही लाभले होते. नागरी विमान वाहतूक खात्याच्या दिल्लीतील तांत्रिक केंद्राने अश्विनी, रोहिणी, मृगशीर अशी नक्षत्रांची नावे देऊन ग्लायडर घडवली. त्यांपैकी १९६१ मध्ये प्रथम उडालेले, एस. रामामृतम् यांनी रचलेले लाकडी रोहिणी हे शिक्षक आणि शिकाऊ यांना शेजारी-शेजारी बसवणारे होते. शिकवण्याच्या दृष्टीने ही मांडणी सोयीची, कारण शिक्षकाला विद्यार्थ्याचे हात आणि चेहरा दोन्ही दिसतात.

उतरताना एअरब्रेक, म्हणजे पंखांतून वर निघणाऱ्या पट्ट्या, उघडून उतार वाढवला जातो. उतरण्याचा अंदाज चुकला तर पुन्हा वर जाण्याची सोय नसल्याने वैमानिक मैदानाला ठरलेली फेरी घालूनच येतो. थांबलेले ग्लायडर स्वतः धावपट्टी सोडू शकत नाही, आणि ते हलल्याशिवाय पुढचे उड्डाण होत नाही. म्हणून ते टेकताच दोघे-तिघे धावत जातात आणि ढकलत पुन्हा दोराच्या टोकापाशी आणतात.