अजिंठ्यातली ‘इ’ कुठे गेली?

सोयगाव तालुक्यातल्या फर्दापूरहून लेण्यांकडे वळणारा मराठी माणूस अजिंठ्याला जातो. हिंदी-इंग्रजी पाट्या मात्र त्याला ‘अजंता’ला नेतात. साहेबाची जीभ वळली नाही, असे आपण चटकन म्हणून टाकतो. पण ‘जिंजर’ म्हणणाऱ्याला ‘जिं’ कशी अडेल? दोष जिभेपेक्षा लिपीचा आहे. हा मुलूख 1948 पर्यंत निजामाचा. तिथले दफ्तर आधी फारसीत, मग उर्दूत चाले आणि त्या लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीतच नाहीत. नाव कानावरून गेलेला वाचक ‘इ’ आपसूक भरतो, न ऐकलेला ‘अ’ भरून मोकळा होतो. अजिंठ्याची ‘इ’ बहुधा इथेच गळाली. पुढे रोमन लिपीत ‘ठ’ला वेगळे अक्षर नव्हते; ‘टी’ आला, आणि तो ट की त हे ज्याने त्याने ठरवले. खुद्द सोयगावही रोमनमध्ये कुठे ‘वाय’ने लिहिलेले दिसते, कुठे ‘ई’ने.

जीभ नाही, तरी कान थोडा दोषी आहेच. 1803 साली इंग्रज-मराठे युद्धात आडगावला लढाई झाली. इंग्रजी इतिहासात ती ‘अरगाम’ची. मराठी ‘ड’ इंग्रजी कानाला ‘र’सारखा लागला, आणि शेवटचा ‘म’ म्हणजे ‘गांव’मधल्या नाकातल्या उच्चाराची खूण. वेरूळचे प्रकरण मात्र निराळे. जुन्या ताम्रपटात ‘एलापूर’ आहे, त्यामुळे ‘एलोरा’ला निव्वळ अपभ्रंश म्हणता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, परक्यांनी नावे मुद्दाम बिघडवली. मग वडोदऱ्याचे बडोदे आणि इंदौरचे इंदूर कोणी केले? आपणच, आणि त्यात तुच्छता नव्हती. रोज तोंडात असलेले नाव प्रत्येक भाषा आपल्या वळणावर आणते; तो तिचा हक्कच आहे. दुसरा आक्षेप असा की अक्षरांवर-खाली खुणा देऊन अचूक रोमन लिहिता येते. येते, पण नकाशा आणि रेल्वेचे तिकीट छापताना पहिल्यांदा त्या खुणाच गळतात.

खरे नुकसान होते ते नाव रोमनमधून परत देवनागरीत येताना. मूळ नाव हाताशी असून मराठी बातमीत ‘अजंता’ छापणे ही लिपीची मर्यादा नव्हे, आळस आहे. इंग्रजी मजकुरावरून गावाचे नाव लिहिणाऱ्या प्रत्येकाने आधी त्या गावच्या माणसाला एक फोन करावा.