डॉक्टर नाहीत, मग गोळ्या कोण वाढवतंय?

अमेरिकेत मुलाकडे गेलेले वडील हार्ट फेल्युअरने तिथल्या रुग्णालयात दाखल होतात. डिस्चार्जनंतर पहिल्या तपासणीला समोर येते ती नर्स प्रॅक्टिशनर. लगेच पुण्याला फोन जातो : "अगं, डॉक्टरांनी बघितलंसुद्धा नाही, नर्सवर भागवलं!"

गैरसमज : ही म्हणजे जरा जुनीजाणती नर्स.

वस्तुस्थिती : 1965 साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्स आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. आज नोंदणीकृत नर्स झाल्यावर मास्टर्स किंवा डॉक्टरेट करावी लागते, वर राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा. ती तपासते, निदान करते, औषधं लिहून देते. अमेरिकेतल्या निम्म्याहून जास्त राज्यांत यासाठी डॉक्टरांची सहीही लागत नाही.

गैरसमज : हृदयाच्या गोळ्यांचा डोस डॉक्टरांनीच बदलायला हवा.

वस्तुस्थिती : खरी मेख इथेच आहे. या गोळ्यांपैकी बीटा ब्लॉकर अगदी कमी मात्रेत सुरू करतात आणि सोसला तर साधारण दोन-दोन आठवड्यांनी दुप्पट करत नेतात. दर वेळी नाडी, रक्तदाब, चक्कर येते का ते बघायचं. सोबतच्या काही औषधांसाठी रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिनही. काम किचकट, चिकाटीचं. गर्दीच्या ओपीडीत ते मागे पडतं आणि रुग्ण सुरुवातीच्याच डोसवर राहतो. असे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2015 च्या कॉक्रेन आढाव्यात सात अभ्यास आणि 1,684 रुग्ण होते. नर्सकडे हे काम सोपवलं तिथे पूर्ण डोसपर्यंत पोहोचणारे जवळपास दुप्पट निघाले, आणि हार्ट फेल्युअरसाठी दाखल होणारे सुमारे निम्मे. (या सगळ्या नर्स प्रॅक्टिशनर नव्हत्या, पण खास तयार केलेल्या होत्या.)

गैरसमज : पथ्यपाणी तर घरचेही सांगतात.

वस्तुस्थिती : सांगतात, पण मोघम. ती विचारते, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज त्याच काट्यावर वजन करता का? तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगात साठलेलं पाणी. फोन करायचा, दम लागेपर्यंत थांबायचं नाही. भाजी अळणी केली, पण ताटात पापड-लोणचं तसंच, हेही अशाच चौकशीत बाहेर येतं. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या अभ्यासात सत्तरीपुढचे 282 रुग्ण होते. नर्सच्या पुढाकाराने असा पाठपुरावा झालेल्या गटात 90 दिवसांत हार्ट फेल्युअरसाठी पुन्हा दाखल होण्याच्या घटना 24, दुसऱ्या गटात 54.

गैरसमज : म्हणजे आता हृदयरोगतज्ज्ञ नकोतच.

वस्तुस्थिती : मुळीच नाही. अँजिओप्लास्टी, बायपास, गुंतागुंतीचं निदान त्यांच्याकडेच.

भारतात इंडियन नर्सिंग कौन्सिलने क्रिटिकल केअरसाठी दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम आखला आहे, पण तो अतिदक्षता विभागासाठी. घरी गेलेल्या हृदयरुग्णामागे लागणारं माणूस आपल्याकडे क्वचितच भेटतं. म्हणून डिस्चार्ज घेताना दोन गोष्टी लिहूनच घ्या : डोस वाढवण्यासाठी कधी यायचं, आणि वजन वाढलं तर फोन कुणाला करायचा.