व्हिडिओ कॅसेटमधील आठवणी डीव्हीडीवर कशा उतरवाव्यात?

विवाह, गुरुदीक्षा, धर्मग्रामाचा सण, प्रथम कम्युनियन, रौप्यमहोत्सवी मिस्सा असे प्रसंग व्हिडिओ कॅसेटवर चित्रित करण्याची प्रथा आपल्या वसई परिसरात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून रुजत गेली. १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वसई धर्मप्रांत वेगळा झाला, त्या सुमाराचे अनेक सोहळेही अशाच फितींवर आहेत. त्यांत केवळ वधूवर आणि धर्मगुरू नाहीत. लाल लुगडे नेसलेल्या आज्या आहेत, सामवेदी आणि वाडवळी बोलीत त्यांनी म्हटलेली लग्नाची गाणी आहेत, आणि आज हयात नसलेल्या माणसांचे चालणे, बोलणे, हसणे आहे. छायाचित्रात चेहरा राहतो; आवाज मात्र या फितींतच उरला आहे.

या कॅसेटी आता कपाटात पडून आहेत आणि हळूहळू निकामी होत आहेत. त्या डीव्हीडीवर उतरवून घ्याव्यात असे अनेकांना वाटते. परंतु कोणती तबकडी घ्यावी, 'आर' आणि 'आरडब्ल्यू' यांत फरक काय, तबकडी करून दिली तरी ती घरच्या यंत्रावर का चालत नाही, असे प्रश्न पुढे उभे राहतात. त्यांची उत्तरे येथे क्रमाने देत आहोत.

कॅसेट का टिकत नाही?

व्हीएचएस कॅसेट जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणली. तिच्यातील फीत सुमारे १२.७ मिलिमीटर रुंद असते. पॉलिएस्टरच्या पातळ पट्टीवर चुंबकीय कणांचा थर एका चिकट द्रव्याने बसवलेला असतो आणि चित्र व ध्वनी त्या कणांत नोंदलेले असतात. हवेतील ओलाव्याने हे चिकट द्रव्य सैल पडते, कण सुटू लागतात आणि पडद्यावर पांढऱ्या रेघा व ठिपके दिसू लागतात. आपल्या किनारपट्टीवर पावसाळ्याचे चार महिने हवा दमट असते. त्यामुळे फितीवर पांढरी बुरशी धरणे ही येथील नेहमीचीच तक्रार आहे.

दुसरे संकट यंत्राचे आहे. व्हीसीआर बनवणारी अखेरची ज्ञात कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ च्या जुलै महिन्यात हे उत्पादन थांबवले. आज जी यंत्रे चालतात ती सर्व जुनी आहेत आणि त्यांचे सुटे भाग मिळणे कठीण आहे. युनेस्कोच्या एका कार्यक्रमाने ध्वनी व दृश्य संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेसह २०१९ मध्ये चुंबकीय फितींविषयी जगाला इशारा दिला. २०२५ च्या आसपास या फिती वाजवून पाहण्याची सोय बहुतांशी संपुष्टात येईल, असा त्याचा आशय होता. ती मुदत आता येऊन ठेपली आहे.

डीव्हीडी म्हणजे काय?

डीव्हीडी प्रथम १९९६ साली जपानमध्ये विक्रीस आली. १२ सेंटिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची ही तबकडी दिसायला सीडीसारखीच असते. फरक आहे तो आतील रेघांच्या सूक्ष्मतेत. सीडीवरील दोन शेजारच्या रेघांमध्ये १.६ मायक्रॉन अंतर असते, तर डीव्हीडीवर ते ०.७४ मायक्रॉन असते. म्हणून त्याच आकारात कितीतरी अधिक मजकूर मावतो. एकेरी थराच्या डीव्हीडीची क्षमता ४.७ गिगाबाइट, दुहेरी थराच्या तबकडीची ८.५ गिगाबाइट. संगणकावर पहिली संख्या सुमारे ४.३८ अशी दिसते. तो दोष नव्हे, मोजण्याच्या पद्धतीतील फरक आहे.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या काही वर्षांत आपल्याकडे लग्नाच्या व्हीसीडी फार लोकप्रिय होत्या. व्हीसीडीवरील चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे असते. आपल्याकडील पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर ते ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे, म्हणजे चौपटीहून अधिक ठिपक्यांचे असते. आपल्या घरी लग्नाची व्हीसीडी असेल आणि मूळ कॅसेटही असेल, तर डीव्हीडी मूळ कॅसेटवरूनच करून घ्यावी. व्हीसीडीवरून केलेली डीव्हीडी व्हीसीडीपेक्षा सरस होऊ शकत नाही.

'आर', 'आरडब्ल्यू', वजा आणि अधिक

दुकानात कोऱ्या तबकड्यांवर निरनिराळी अक्षरे दिसतात. 'आर' म्हणजे एकदाच लिहिता येणारी तबकडी. तिच्यात सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो आणि लेखनयंत्राचा लेझर त्या रंगद्रव्यावर कायमच्या खुणा करतो. 'आरडब्ल्यू' म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी तबकडी. तिच्यात रंगद्रव्याऐवजी स्वरूप बदलणारा धातुमिश्रणाचा थर असतो. कौटुंबिक आठवणींसाठी 'आर' हीच योग्य. जे पुसता येते ते चुकून पुसलेही जाते.

वजा आणि अधिक ही चिन्हे दोन वेगळ्या कंपनीगटांच्या स्पर्धेतून आली. डीव्हीडी वजा आर १९९७ मध्ये पायोनियर कंपनीने आणली. डीव्हीडी अधिक आर २००२ मध्ये आली. पाहणाऱ्याच्या दृष्टीने चित्रात काहीच फरक नसतो. अगदी जुनी यंत्रे बहुधा वजा आर अधिक सहजपणे वाचतात; पुढील काळातील यंत्रे दोन्ही वाचतात. घरातील यंत्र जुने असेल तर वजा आर घ्यावी.

व्हिडिओ डीव्हीडी आणि डेटा डीव्हीडी

बहुतेक घोटाळे या एका फरकामुळे होतात. डेटा डीव्हीडी ही संगणकाच्या फायली ठेवण्याची पिशवी होय. एखादी चित्रफीत-फाइल जशीच्या तशी तिच्यात टाकली तर संगणक ती दाखवील, पण दूरचित्रवाणीला जोडलेले साधे यंत्र ती ओळखेलच असे नाही. व्हिडिओ डीव्हीडीत मात्र चित्र एमपेग-२ या ठरावीक पद्धतीने दाबून, ठरावीक नावाच्या कप्प्यात, ठरावीक प्रकारच्या फायलींत ठेवावे लागते. प्रकरणे, म्हणजे मिस्सा, स्वागतसमारंभ, वरात अशी विभागणी आणि सुरुवातीची यादीही त्याच रचनेचा भाग असते. या बांधणीच्या कामास 'ऑथरिंग' म्हणतात. स्टुडिओत काम देताना 'साध्या यंत्रावर चालणारी व्हिडिओ डीव्हीडी हवी' असे स्पष्ट सांगावे.

चित्र दाबणे म्हणजे काय, हेही समजून घेऊ. मिस्सा चालू असताना वेदी, मूर्ती, खांब स्थिर असतात. हालचाल होते ती धर्मगुरूंची आणि वेदीसेवकांची. एमपेग-२ पद्धती काही चित्रे पूर्ण साठवते आणि मधल्या चित्रांतील केवळ बदल नोंदवते. त्यामुळे जागा वाचते. परंतु मिरवणूक, नाच, हलत्या मेणबत्त्या यांत प्रत्येक क्षणी सारेच बदलत असते. तेथे जागा कमी पडली की चित्राचे चौकोनी तुकडे दिसू लागतात.

म्हणून एका तबकडीवर किती वेळाचे चित्रण घालायचे, हा महत्त्वाचा निर्णय आहे. ४.७ गिगाबाइटच्या तबकडीवर एक तास घातला तर चित्राला भरपूर जागा मिळते, दीड तास उत्तम बसतो आणि दोन तास चालू शकतात. तीन तासांची संपूर्ण कॅसेट एकाच तबकडीवर कोंबली तर चित्र नक्कीच खराब होते. तेथे दोन तबकड्या घ्याव्यात. दुसऱ्या तबकडीचा खर्च वाचवून वडिलांचा चेहरा पुसट करून घेण्यात शहाणपणा नाही.

कॅसेटवरून तबकडीवर

१) प्रथम कॅसेट तपासावी. झडप उचलून उजेडात फीत पाहावी. पांढरी भुकटी किंवा डाग दिसले तर ती कॅसेट यंत्रात मुळीच घालू नये. बुरशी यंत्राच्या चित्रशीर्षाला लागते आणि तेथून दुसऱ्या कॅसेटींनाही लागते. अशी फीत जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी.

२) कॅसेटच्या कडेची छोटी प्लॅस्टिकची टिकली तोडावी, म्हणजे चुकून तिच्यावर नवे मुद्रण होणार नाही. मग फीत एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळावी. वर्षानुवर्षे चिकटून बसलेले वेढे त्यामुळे मोकळे होतात.

३) व्हीसीआरच्या मागील पिवळ्या छिद्रातून चित्र आणि लाल व पांढऱ्या छिद्रांतून ध्वनी बाहेर येतो. या वायरी एका लहान उपकरणाद्वारे संगणकाच्या यूएसबीला जोडतात. हे उपकरण चित्राचे अंकांत रूपांतर करते. ते पाल पद्धतीवर ठेवलेले आहे याची खात्री करावी. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात. त्याला जवळचा मार्ग नाही.

४) छोट्या मिनीडीव्ही कॅसेटींवर मूळ नोंद अंकांतच असते. ती पिवळ्या वायरीने उतरवू नये. कॅमेऱ्यातील फायरवायर जोडणीने घ्यावी, म्हणजे नक्कल तंतोतंत होते. एका तासाला सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते. नव्या संगणकांवर ही जोडणी नसल्याने जुना संगणक जपून ठेवणारा स्टुडिओ शोधावा लागतो.

५) उतरवलेली फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी पाहावी. ओठ आणि आवाज यांचा मेळ शेवटपर्यंत टिकला आहे का, हे विशेष पाहावे.

६) त्यानंतरच ऑथरिंग करून तबकडी लिहावी. लेखनाचा वेग मध्यम ठेवावा आणि लेखनानंतरची पडताळणी टाळू नये. दूरचित्रवाणीजवळ ठेवायच्या डीव्हीडी रेकॉर्डरवर थेट मुद्रण केले असेल तर शेवटी 'फायनलाइझ' करणे अत्यावश्यक आहे. ते न केल्यास ती तबकडी दुसऱ्या यंत्रावर बहुधा चालत नाही.

परदेशी असलेल्या नातलगांना तबकडी पाठवताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विकतच्या चित्रपटांच्या डीव्हीडींवर प्रदेशाचे बंधन असते (भारताचा क्रमांक ५), तसे घरगुती तबकडीवर नसते. पण अमेरिका आणि कॅनडामध्ये दूरचित्रवाणीसाठी एनटीएससी ही वेगळी पद्धती होती. तेथील साधे यंत्र पाल तबकडी नाकारू शकते. अशा वेळी फाइल पाठवणेच सोयीचे.

एक प्रत म्हणजे जतन नव्हे

डीव्हीडी झाली म्हणजे काम संपले, ही समजूत घातक आहे. 'आर' तबकडीतील रंगद्रव्य ऊन आणि उष्णता यांनी फिके पडते. तबकडी कडांना धरून हाताळावी, डबीत उभी ठेवावी, ओल आणि उजेड यांपासून दूर ठेवावी. तिच्यावर कागदी लेबल चिकटवू नये. योग्य मार्करने लिहावे. पुसताना मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे, गोल नव्हे. आज अनेक लॅपटॉपमध्ये डीव्हीडी घालण्याची सोयच नसते, हेही विसरून चालणार नाही.

म्हणून तीन प्रती असाव्यात असे आम्ही सुचवतो. एक डीव्हीडी घरातील वडीलधाऱ्यांना सहज पाहता यावी म्हणून. दुसरी प्रत संगणकात उतरवलेल्या मूळ फाइलीची, हार्ड डिस्कवर. तिसरी प्रत दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा लेकीकडे. दोन-तीन वर्षांनी या प्रती उघडून पाहाव्यात. मूळ कॅसेट फेकू नये. पुढे एखाद्याला तिच्यातून अधिक चांगले चित्र काढता येईल.

प्रतीबरोबर माहितीही लिहून ठेवावी: तारीख, चर्च, मिस्सा अर्पण करणारे धर्मगुरू, आणि पडद्यावर कोण कोण आहेत. हे सांगणारे आजोबा-आजी आज घरात आहेत, तोवरच हे काम होईल. फीत वाचली आणि नावे हरवली, तर नातवंडांना अनोळखी माणसांची गर्दीच दिसेल.

धर्मग्रामाचे दायित्व

ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील कलम ५३५ नुसार प्रत्येक धर्मग्रामाने स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवणे बंधनकारक आहे, आणि जुनी दप्तरे काळजीपूर्वक जपण्यासही ते कलम सांगते. धर्मग्रामाच्या सोहळ्यांच्या कॅसेटी हेही एका अर्थाने आपले दप्तरच आहे. पाळकीय परिषदेने एक यादी करावी, युवक-युवतींनी एक यंत्र आणि एक संगणक घेऊन काही रविवार या कामाला द्यावेत, आणि ज्यांना स्टुडिओचा खर्च परवडत नाही त्यांच्या कॅसेटीही त्यात घ्याव्यात. एवढे पथ्य मात्र पाळावे की कुटुंबाच्या संमतीवाचून कोणाचेही चित्रण इंटरनेटवर टाकू नये.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले. त्यानंतर १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आवृत्त्या निघाल्या. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही हे मराठी महाकाव्य आपल्या हाती आहे, कारण अनेक अनाम भाविकांनी ते हाताने उतरवून घेतले, आणि त्यांच्या हस्तलिखितांवरूनच १९०७ मध्ये मंगळुरात ते पुन्हा छापता आले. छापखान्याची प्रत गेली, नकलून घेणाऱ्यांची राहिली.

आपल्या घरातील कॅसेटीत महाकाव्य नसेल, पण आजीने म्हटलेले लग्नाचे गाणे आहे. ते उतरवून घेण्याचे काम येत्या पावसाळ्यापूर्वी हाती घ्यावे, अशी आमची सर्व कुटुंबांना कळकळीची विनंती आहे.