भूल उतरताना चढणारा ताप

डिंभे आणि माणिकडोह धरणांच्या पाण्यावर पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव-जुन्नरला ऊस वाढला आणि त्या उसात बिबट्यानं संसार थाटला. जखमी बिबट्यावर उपचार करायचे तर आधी भूल द्यावी लागते. त्यासाठी सहसा केटामाइन आणि झायलाझिन वापरतात. जनावर आडवं झालं, की डोळ्यांवर फडकं टाकून पशुवैद्य श्वास मोजतो आणि गुदद्वारात थर्मामीटर सरकवतो. ३८-३९ अंश ठीक. ४१ च्या पुढे जिवाला धोका. धडपडून अंग तापलेलं असतं, त्यात झायलाझिन तापमानावरचा मेंदूचा ताबा सैल करतं. मग पाणी मारायचं, ओलं पोतं टाकायचं. जमलेल्या बघ्यांना वेळीच हटवलं तर ही धडपड बरीच टळेल, पण ते कोण ऐकतो!

भुलेसोबत वेदना शमवायला दिली जाणारी अफूच्या कुळातली औषधं तर बिबट्याच्या भाईबंद मांजरांच्या बाबतीत आणखी विचित्र वागतात. या औषधांनी कुत्र्याचं अंग गार पडतं, मांजराला मात्र ताप चढतो. यांपैकी हायड्रोमॉर्फोन दिलेली घरगुती मांजरं शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येताना ४० अंशांच्या वर गेल्याच्या नोंदी आहेत.

असं का, याचा माग उंदरांवर काढला गेला. अफूची द्रव्यं मेंदूतल्या ठरावीक ग्राहींना (रिसेप्टरना) चिकटतात. उंदरांत ‘म्यू’ ग्राही चेतवला की ताप चढतो, ‘कॅपा’ चेतवला की अंग थंड होतं. थोडं मॉर्फीन उंदराला तापवतं, भरपूर दिलं तर गारठवतं, ते बहुधा या दोघांच्या ओढाताणीतून. हा गुंता सोडवायला फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘सीटॅप’ हे पेप्टाइड वापरलं. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. सीटॅपमध्ये आठच कड्या, सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकावरून बेतलेल्या. ते म्यूच्या कुलपात बसतं, पण किल्लीसारखं फिरत नाही. नुसती जागा अडवतं. ते आधी टोचलं, की ताप चढत नाही.

 

मग सीटॅप दवाखान्यात का नाही? उंदरांना ते थेट मेंदूत टोचलं होतं. शिवाय वेदना शमवणारा मुख्य ग्राहीसुद्धा म्यूच. तो अडवला तर ताप जाईल, पण दुखणं परत येईल.