बाजाराचा काटा कुणाच्या हाती?

बाजार समित्या ठेवाव्यात की मोडाव्यात, हा वाद जुना आहे. त्या मुळात कशासाठी निघाल्या हे पाहिले, तर कोणते नियमन माणसाच्या कामी येते आणि कोणते त्याच्या मानेवर बसते, हेही कळते.

रुमालाखाली दोन हात जायचे, एक अडत्याचा आणि दुसरा खरेदीदाराचा. बोटे धरून भाव सांगायचा, बोटे दाबून तो वाढवायचा. सौदा पटला की अडत्या आकडा सांगे. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारीच उभा असे; पण दुसऱ्या व्यापाऱ्याने किती भाव लावला होता, हे त्याला कधीच कळत नसे. शेतमालाच्या पेठांमध्ये ही ‘हत्ता’ पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली.

भाव ठरल्यावर कपात सुरू व्हायची. अडत, हमाली, तोलाई ही नेहमीची. त्यावर धर्मादाय, गोरक्षण आणि पाणपोईची वर्गणी. नमुना म्हणून उचललेला माल परत यायचा नाही. ओल आणि माती धरून वजनातून ‘कडता’ जायचा तो वेगळा. तोलणारा मापाडी व्यापाऱ्याचाच माणूस. मणाचे शेरही गावागणिक बदलत. यातले बहुतेक काही बेकायदा नव्हते, कारण त्याबद्दल कायदाच नव्हता. बाजार अगदी मोकळा होता, आणि त्या मोकळ्या बाजारात शेतकरी पुरता बांधलेला होता.

कारंज्यात पडलेले पहिले पाऊल

या व्यवहाराला नियमांची चौकट घालण्याची सुरुवात आपल्या वऱ्हाडात झाली. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. पाठोपाठ रेल्वे आली, पेठा फुगल्या, तशी भेसळ आणि मापातली फसवणूकही वाढली. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कारंजा येथे देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा आला. बाजाराची जागा ठरली, व्यापारी, अडते आणि मापाडी यांना परवाना लागू लागला.

पण त्या बाजाराची समिती कुणाची होती? व्यापाऱ्यांची आणि नगरपालिकेच्या प्रतिनिधींची. कापूस पिकवणाऱ्याला तिथे जागा नव्हती. चांगला कापूस वेळेवर मिळावा ही गिरण्यांची गरज होती आणि कायद्याचा तोंडवळा तिनेच घडवला होता. नियमनाचा हा पहिला धडा आजही तितकाच खरा आहे. नियम लिहिताना जो हजर असतो, नियम आधी त्याच्या सोयीचा होतो.

ही उणीव भरून निघायला चाळीस वर्षे लागली. मुंबई इलाख्याच्या १९२७ च्या कापूस बाजार कायद्याने समितीत शेतकऱ्यांना स्थान दिले. १९२८ मध्ये लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेती आयोगाने असे नियंत्रित बाजार सर्व पिकांसाठी आणि देशभर काढण्याची शिफारस केली. १९३९ मध्ये मुंबई इलाख्यात सर्वच शेतमालासाठी कायदा झाला आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ चा कायदा आला. आज राज्यातल्या तीनशेहून अधिक बाजार समित्या त्याच कायद्याने चालतात.

लिलाव, काटा, पट्टी

हा कायदा प्रत्यक्षात कसा चालतो, ते कांद्याच्या लिलावात पाहावे. लासलगावसारख्या बाजारात सकाळी ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी थांबतो, कुणी वर चढून कांदा उपसून पाहतो, आणि क्विंटलचा भाव सगळ्यांच्या कानावर पडेल असा पुकारला जातो. वरचढ बोली झाली की सौद्याची चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातात येते. मग ट्रॅक्टर भुईकाट्यावर जातो, भरलेल्या आणि रिकाम्या वाहनाच्या वजनाची पावती निघते आणि शेवटी हिशोबपट्टी होते. कायद्याप्रमाणे पैसे चोवीस तासांच्या आत मिळायला हवेत.

यातली प्रत्येक पायरी एकेका जुन्या लबाडीवर घातलेला बांध आहे. उघड लिलाव आला तो रुमालाखालचे हात बाहेर काढण्यासाठी. परवानाधारक मापाडी आला तो व्यापाऱ्याच्या काट्यावर विसंबावे लागू नये म्हणून. पट्टी आली ती ठरलेल्या कपातीपलीकडचे एकही कलम कापता येऊ नये म्हणून. या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती पट्टी. कारण तक्रार करायची वेळ आली, तर शेतकऱ्याकडे सगळा हिशोब दाखवायला तेवढा एकच कागद असतो.

वांधे होतात तेही याच साखळीत. लिलाव झाल्यावर माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर खाली होतो. तिथे ‘वरचा माल वेगळा, खालचा वेगळा’ असे म्हणून भाव पाडला जातो. ट्रॅक्टर अर्धा रिकामा झालेला, भाड्याचे मीटर चालू, दिवस कलत आलेला; अशा वेळी शेतकरी नाइलाजाने मान डोलावतो. जिथे समितीचा कर्मचारी लगेच येऊन दोघांचे ऐकतो, तिथे नियम जिवंत असतो. जिथे तो येत नाही, तिथे कायद्याचे पुस्तक असून नसल्यासारखे.

रखवालदारच मालक झाला तर

ज्या व्यवस्थेने शेतकऱ्याला उघड भाव दिला, तिनेच पुढे त्याला आवारात कोंडले. नियंत्रित माल आवारातच विकायचा, हे बंधन आरंभी संरक्षणासाठी होते. पण परवाने मोजक्यांच्या हाती राहिले, नव्या खरेदीदाराला आत येणे अवघड झाले आणि एकत्र बसून बोली थांबवणाऱ्या व्यापाऱ्यांपुढे उघड लिलावही दुबळा पडला. समितीची निवडणूक तालुक्याच्या राजकारणाची पायरी बनली. शेतकऱ्यांचे बहुतेक प्रतिनिधी थेट शेतकऱ्यांनी नव्हे, तर सेवा सोसायट्या आणि ग्रामपंचायतींच्या सदस्यांनी निवडलेले असतात. त्यामुळे माल आणणारा आणि मत देणारा यांच्यात अंतर पडले.

२०१६ मध्ये राज्याने फळे आणि भाजीपाला आवाराबाहेर विकण्याची मुभा दिली आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरवले. तेव्हा व्यापाऱ्यांनी बंद पुकारला होता. २०२४ च्या एप्रिलमध्ये नाशिक जिल्ह्यात हमाली-तोलाईच्या कपातीवरून कांद्याचे लिलाव बंद पडले. पाटीने कांदा तोलण्याच्या काळातली तोलाई, भुईकाट्यावर ट्रॅक्टर उभा राहू लागल्यावरही कापायची का, हा प्रश्न रास्त होता. हमाल-मापाड्यांच्या पोटाचा प्रश्नही तितकाच रास्त होता. काम बदलले आणि नियम तिथेच राहिला, की दोन कष्टकरी असे समोरासमोर उभे राहतात.

मग कायदाच मोडीत काढावा का? बिहारने २००६ मध्ये तो काढला. खासगी गुंतवणूक येऊन नवे बाजार उभे राहतील, ही अपेक्षा होती. तसे बाजार उभे राहिले नाहीत, जुन्या आवारांची रया गेली, आणि तिथला शेतकरी गावातल्या व्यापाऱ्याला हमीभावाच्या खाली धान विकत राहिला. नियम हटले म्हणजे सत्ता हटते असे नाही. ती बलवानाच्या हाती निमूट परत जाते.

शहरातही कसोटी हीच

ही कथा शेतमालापुरती नाही. पेट्रोल पंपावर पाच लिटरच्या प्रमाणित मापाने इंधन मोजून दाखवा, असे कुणीही ग्राहक म्हणू शकतो. घरबांधणीच्या रेरा कायद्यानुसार ग्राहकांनी भरलेल्या रकमेतले ७० टक्के पैसे त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. प्रकल्पाची माहिती महारेराच्या संकेतस्थळावर सर्वांना पाहता येते. दोन्हींमागचे सूत्र कारंज्यापासून चालत आलेले आहे. ज्याच्याकडे माहिती कमी आणि घाई जास्त, त्याच्या हातात पुरावा द्या.

म्हणून नियमन जास्त हवे की कमी, हा वाद मला पोकळ वाटतो. कोणत्याही नियमाला तीन प्रश्न विचारावेत. तो नेमकी कोणती लबाडी अडवतो? ज्याच्यासाठी तो केला, त्याला नियम बदलण्याच्या बैठकीत जागा आहे का? आणि नियम मोडला, तर त्याच दिवशी दाद मिळते का? तिन्हींची उत्तरे मिळाली तर तो नियम राखावा. एक जरी अडले, तरी तो दुरुस्त करावा. नुसते काहूर उठवून तो जाळून टाकू नये.

आणि शेतकरी बंधू-भगिनींनो, एवढे आपल्याही हातात आहे. पट्टी घेतल्याशिवाय आवार सोडू नका. तिच्यातले प्रत्येक कलम वाचा, न समजलेल्या कपातीबद्दल तिथल्या तिथे विचारा आणि समितीकडे लेखी तक्रार द्या. समितीच्या निवडणुकीत आपल्या सोसायटीतून आणि ग्रामपंचायतीतून कोण मत देणार आहे, त्याला आधी जाब विचारा. नियम आपल्या बाजूने उभा राहावा असे वाटत असेल, तर त्याच्यावर आपलाच पहारा हवा.