पाण्याआधी पोहोचणारा पूर

पावसाळ्यात नाशिकमध्ये घरोघरी एकच प्रश्न असतो : पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आले? गुडघ्याला, कमरेला की गळ्याला? रामकुंडाजवळची ही मूर्ती म्हणजे आमची पूर मोजायची पट्टी. लहानपणापासून मीही हाच प्रश्न विचारत आलो. पुढे गणित शिकवताना ध्यानात आले, की मारुती एकाच जागेचे पाणी सांगतो. गंगापूर धरणातून सोडलेल्या पाण्याचा चढ इथे केव्हा पोहोचेल, हे काढायचे तर जागा आणि वेळ या दोहोंबरोबर होणारे बदल एकत्र जोडावे लागतात. एक स्थिर धरायची आणि दुसरीबरोबर पातळी किती बदलते ते पाहायचे. अशा बदलांची सांगड घालते ते आंशिक अवकल समीकरण.

नदीसाठी अशी दोन समीकरणे फ्रेंच अभियंता सँ-व्हनाँ याने १८७१ मध्ये मांडली. पहिले जमाखर्चाचे : नदीच्या एखाद्या तुकड्यात आले त्यापेक्षा कमी पाणी बाहेर गेले, तर उरलेले तिथली पातळी वाढवणार. दुसरे गतीचे : उतार पाण्याला पुढे ओढतो, तळाचे खडक, झुडपे, पुलांचे खांब त्याला अडवतात.

यातून निघणारी एक गोष्ट मला आजही चकित करते. पुराचा चढ पाण्यापेक्षा वेगाने पळतो. दर्शनाच्या रांगेत मागून आलेला रेटा माणसांच्या आधी पुढे पोहोचतो, तसेच हे. रुंद पात्रात, उतार आणि घर्षण यांचा तोल असताना, चढाचा वेग पाण्याच्या वेगाच्या सुमारे पाच-तृतीयांश पट भरतो.

समजा, अंतर १० किलोमीटर आणि पाण्याचा वेग सेकंदाला २ मीटर. पाण्यावर टाकलेले पान यायला सुमारे ८३ मिनिटे लागतील; चढ मात्र ५० मिनिटांतच येईल. पानाच्या भरवशावर बसलेल्या सराफ बाजारातल्या दुकानदाराची, माल माळ्यावर चढवायची ३३ मिनिटे गेली!

प्रत्यक्ष नदी इतकी सरळ नसते. म्हणून संगणकावर तिचे शेकडो तुकडे करून प्रत्येकाचा जमाखर्च क्षणाक्षणाला मांडतात. त्यासाठी धरणाचा विसर्ग कळणे पुरत नाही. धरणाखाली पडलेला पाऊस हवा, ठिकठिकाणचा पात्राचा आडवा छेद हवा. काठावर भराव पडला, पात्रात काँक्रीट ओतले, की जुनी मापे निरुपयोगी. समीकरण तेच राहते, नदी बदललेली असते, आणि चुकीचे उत्तर तितक्याच ठामपणे छापून येते.

म्हणून प्रत्येक प्रतिमान झालेल्या पुरांवर पारखून घ्यावे लागते. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६, ऑगस्ट २०१९ : या पुरांत पाणी कुठे, किती वाजता, कुठवर चढले, याच्या नोंदी लागतात. म्हणजे संगणकाचे गणित पुन्हा आमच्या जुन्याच प्रश्नापाशी येते. फक्त आता ‘कुठवर आले?’ याच्या जोडीला ‘किती वाजता?’ हेही लिहून ठेवायला हवे.